इर्शाळवाडीचा आकडा कोणता लिहायचा?

आपण विचारले आहे की, आपल्या नववीतल्या मुलीला शाळेने ‘पावसाळ्यातील एक आपत्ती’ या विषयावर वर्तमानपत्रे आणि इतर साधने वाचून सुमारे हजार शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आहे. तिने इर्शाळवाडीवर दरड कोसळल्याची घटना निवडली, चार दिवस वाचन केले, वहीची पंधरा पाने भरली, आणि आता लिहायला बसल्यावर तिच्यापुढे दोन अडचणी उभ्या आहेत. प्रत्येक बातमीत आकडे वेगळे दिसतात, आणि जे लिहून होते ते कात्रणे एकापुढे एक चिकटवल्यासारखे वाटते. मी रायगड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले आहे आणि असे निबंध शेकड्यांनी तपासले आहेत. त्या अनुभवावरून मला वाटते की या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. तिने माहिती वहीत उतरवली, पण ती कोणी सांगितली आणि केव्हा सांगितली हे उतरवायचे राहून गेले.

आकड्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे हे सर्वांत स्पष्ट दिसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या वर्गाने याच घटनेवर निबंध लिहिले होते. एका मुलाने मृतांची संख्या १६ लिहिली, बहुतेकांनी २७ लिहिली, आणि एका मुलीने ८४ लिहिली. वर्गात वाद सुरू झाला, तेव्हा तिघांनीही आपापले छापील कात्रण काढून दाखवले. कोणीही मनाने लिहिलेले नव्हते. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या या ठाकर आदिवासींच्या वाडीवर १९ जुलै २०२३ रोजी, बुधवारी रात्री दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत १६ मृतदेह हाती लागले होते. २३ जुलैला शोधकार्य थांबवण्याचा निर्णय झाला, तेव्हा मृतांची संख्या २७ झाली होती आणि ५७ जण बेपत्ता होते. ८४ ही या दोन संख्यांची बेरीज. म्हणजे त्या मुलाचे कात्रण खोटे नव्हते, ते फक्त २१ जुलैच्या अंकातले होते. ‘२० जुलैच्या संध्याकाळपर्यंत १६ मृतदेह सापडले होते’ हे वाक्य आजही खरे आहे आणि पन्नास वर्षांनीही खरे राहील. ‘इर्शाळवाडीत १६ जण मृत्युमुखी पडले’ हे वाक्य मात्र २१ जुलैलाच जुने झाले. दोन्ही वाक्यांत फरक आहे तो केवळ तारखेचा.

त्या दिवशी फळ्यावर आम्ही एक साधी गोष्ट केली, ती आपल्या मुलीनेही करून पाहावी. त्या वाडीत २२८ लोक राहत होते असे प्रशासनाकडून सांगितले गेले होते आणि १४४ जण सुखरूप असल्याचेही सांगितले गेले होते. २७, ५७ आणि १४४ यांची बेरीज २२८ येते. बेरीज जुळली म्हणजे आकडे सिद्ध झाले असे नाही, पण ते एकाच वेळच्या, एकाच नोंदीतून आलेले आहेत एवढा विश्वास त्यातून वाटतो. ज्या बातमीतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे बहुधा बातमीदाराने सकाळचा एक आकडा आणि संध्याकाळचा दुसरा असे एकत्र केलेले असतात, किंवा घरे, कुटुंबे आणि माणसे या तीन वेगळ्या मोजण्यांची सरमिसळ झालेली असते. एका घरात दोन कुटुंबे नांदतात आणि एका कुटुंबाची दोन घरे असतात, हे वाडीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. शहरातून लिहिणाऱ्याने ते आठवणीने तपासावे.

आता वहीविषयी. पंधरा पाने भरली आहेत ती वाया गेलेली नाहीत, पण ती नव्याने मांडावी लागतील. तिने पानावर चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात माहिती स्वतःच्या शब्दांत, एका ओळीत लिहावी. दुसऱ्यात ती कोणी सांगितली हे लिहावे, म्हणजे मंत्र्यांनी विधानसभेत, जिल्हाधिकाऱ्यांनी, वाडीतल्या वाचलेल्या माणसाने, एखाद्या भूशास्त्रज्ञाने, की कोणीच नाही. तिसऱ्या रकान्यात ते कोणत्या दिवशी सांगितले, आणि चौथ्यात तिने ते कोणत्या अंकात, कोणत्या पानावर वाचले. दुसरा रकाना हा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि मुले नेमका तोच रिकामा सोडतात. ‘असे म्हटले जाते’, ‘सूत्रांकडून समजते’, ‘बोलले जाते’ असे शब्द बातमीत असतील, तर ते जसेच्या तसे दुसऱ्या रकान्यात उतरवावेत. पुढे निबंध लिहिताना तो रकाना पाहिला की ते वाक्य किती जोरात म्हणायचे हे आपोआप ठरते.

चौथ्या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. मुलांना सांगितलेले असते की एक माहिती दोन ठिकाणी पडताळून पाहा, म्हणून ती दोन वर्तमानपत्रे उघडतात, दोन्हींत तीच वाक्ये दिसतात आणि पडताळणी झाली असे समजतात. पण बातमीच्या डोक्यावर ‘वृत्तसंस्था’ किंवा ‘पीटीआय’ (प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया ही वृत्तसंस्था) असे छापलेले असेल, तर दोन्ही वर्तमानपत्रांनी एकाच ठिकाणाहून आलेला मजकूर छापलेला असतो. ते दोन साक्षीदार होत नाहीत, एकाच साक्षीदाराच्या जबानीच्या दोन प्रती होतात. खरा दुसरा साक्षीदार म्हणजे जो स्वतः तिथे गेला, किंवा ज्याच्याकडे मूळ कागद आहे. म्हणून मोठ्या शहराच्या आवृत्तीबरोबर रायगडची स्थानिक पाने पाहावीत, आणि सरकारने काय म्हटले हे बातमीतून न घेता शक्य असेल तिथे राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या प्रसिद्धिपत्रकातून घ्यावे. प्रसिद्धिपत्रक म्हणजे अंतिम सत्य नव्हे. सरकारने त्या दिवशी अधिकृतपणे काय म्हटले याचा तो पुरावा आहे, आणि तेवढ्यापुरता तो पक्का आहे. आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय असेल, तर ग्रंथपालांना त्या आठवड्याच्या अंकांची फाईल मागावी. १९ ते २५ जुलैचे सात अंक ओळीने वाचले की घटना डोळ्यांपुढे कशी उलगडत गेली, हे जितके समजते तितके फोनवर शोधून समजत नाही. कारण फोन सगळ्या दिवसांचे तुकडे एकाच ढिगात पुढे टाकतो. हीच अडचण प्रश्नांना तयार उत्तरे देणाऱ्या नव्या साधनांचीही आहे. ती बहुधा आकडा देतात पण तो कोणत्या दिवसाचा हे सांगत नाहीत, आणि तारखेशिवायचा आकडा तिच्या तिसऱ्या रकान्यात बसत नाही.

पावसाच्या आकड्यांकडे वेगळे लक्ष द्यावे असे मी सुचवीन, कारण इथे चूक हमखास होते आणि ती सुधारली तर निबंधाला खरे वजन येते. हवामान विभाग एखाद्या दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतो, आणि तो आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनच्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे १९ तारखेच्या रात्री जो पाऊस कोसळला, तो २० तारखेच्या सकाळच्या नोंदीत येतो. हे माहीत नसले की मूल १९ तारखेच्या नोंदीतला आकडा घेते आणि त्याला ‘त्या रात्रीचा पाऊस’ म्हणते. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो जोरदार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अतिजोरदार, आणि त्याहून अधिक झाला तर अत्यंत जोरदार, अशी हवामान विभागाची विभागणी आहे. वर्तमानपत्रे मात्र तिन्हींना सरसकट ‘मुसळधार’ म्हणतात. इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे सरकारने विधानसभेत सांगितले होते. ही संख्या नुसती लिहिली तर वाचणाऱ्याच्या मनात काहीच उभे राहत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे माहीत असले की हिशेब तिला स्वतःला करता येतो. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा एका अंगणावर त्या तीन दिवसांत जवळजवळ ५०,००० लिटर पाणी पडले, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. असे पाणी संपूर्ण डोंगरउतारावर पडत होते, आणि त्याच्या खाली माणसे झोपली होती. हा हिशेब कोणत्याही बातमीत आयता मिळणार नाही, तो तिचा स्वतःचा असेल. कात्रणे जोडल्यासारखे वाटण्यावर माझ्या माहितीत याहून चांगला उपाय नाही: वाचलेल्या माहितीवर स्वतः काहीतरी करणे.

याच ठिकाणी ‘ढगफुटी’ या शब्दाविषयी सांगते. साधारण वीस ते तीस चौरस किलोमीटरच्या परिसरात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच हवामानशास्त्रात त्याला ढगफुटी म्हणतात. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर हा भयंकर पाऊस आहे, पण तेवढ्यावरून त्याला ढगफुटी म्हणता येत नाही. निबंधात हा शब्द ‘खूप पाऊस’ या अर्थाने आला की मी त्याखाली रेघ ओढते. भाषेचा काटेकोरपणा हा अशा निबंधात अलंकार नसतो, तो प्रामाणिकपणाचा भाग असतो. तसेच ‘मृत’ आणि ‘बेपत्ता’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्या घरच्यांसाठी आणि कायद्यासाठीही हा फरक फार मोठा असतो. सामान्यतः सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या माणसालाच कायदा मृत मानतो, आणि आपत्तीत सरकारला त्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागतो. आणि इर्शाळवाडीला ‘गाव’ न म्हणता ‘वाडी’च म्हणावे, कारण या घटनेत जे जे कठीण झाले त्यातले बरेचसे या शब्दात आहे. तिथे गाडीरस्ता नव्हता. डोंगराची चिखलाची पायवाट चढून जावे लागत होते, त्यामुळे माती उपसणारी मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांना कुदळ, फावडे आणि हातांनीच माती उकरावी लागली. ज्याने ‘गाव’ लिहिले त्याच्या वाचकाला जेसीबी का आला नाही हे कळत नाही.

यानंतर विषय किती रुंद ठेवायचा हा प्रश्न येतो. ‘पावसाळ्यातील आपत्ती’ हा हजार शब्दांत मावणारा विषय नाही, आणि ‘इर्शाळवाडी’ हासुद्धा तितकासा मावत नाही. मुले घटना, कारणे, परिणाम, उपाय असे चार खण करतात आणि प्रत्येकात अडीचशे शब्द भरतात. असा निबंध वाचताना तपासणाऱ्याला पुढचे वाक्य आधीच कळते. मी आपल्या मुलीला सांगेन की तिने वहीतून एक प्रश्न निवडावा, असा प्रश्न की जो वाचताना तिला स्वतःला खटकला असेल. मला स्वतःला खटकलेला प्रश्न सांगते. घटनेनंतर विधानसभेत सांगण्यात आले की दरडप्रवण, म्हणजे दरड कोसळण्याचा धोका असलेली, म्हणून नोंदलेल्या ठिकाणांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. तर मग यादी कशी बनते? डोंगराखालची प्रत्येक वाडी कोणी जाऊन पाहते का? वाडी महसुली गावाच्या नावाखाली नोंदलेली असेल, तर तिचा धोका वेगळा मोजला जातो का? यादीत नाव असते तर नेमके काय वेगळे झाले असते, स्थलांतर की फक्त नोटीस? हे प्रश्न हातात घेऊन ती पुन्हा त्याच पंधरा पानांकडे गेली, तर निम्मी माहिती गळून पडेल आणि उरलेली आपोआप ओळीने लागेल. सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत असे नाही. नववीतल्या विद्यार्थिनीने ‘मला याचे उत्तर या साधनांत सापडले नाही’ असे स्पष्ट लिहिले, तर मी त्याचे गुण कापत नाही, वाढवते.

कारणांच्या बाबतीत घाई करू नये. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे, त्याच्या माथ्यावर आणि उतारांवर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा पट्टा असतो, आणि हा पट्टा पाण्याने तुडुंब झाला की त्याचे वजन वाढते, खालच्या खडकावरची त्याची पकड सुटते आणि तो घसरतो. एवढे सर्वसाधारण शास्त्र पाठ्यपुस्तकाच्या आधाराने लिहिता येते. पण त्या विशिष्ट उतारावर त्या रात्री नेमके काय झाले, हे सांगायला ती जागा पाहिलेला भूशास्त्रज्ञ लागतो, आणि त्याचे म्हणणे त्याच्या नावावरच द्यावे लागते. बहुतेक निबंधांत एक वाक्य येतेच: पश्चिम घाटाविषयीच्या गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा अहवाल सरकारने ऐकला असता तर हे घडले नसते. हे दोन्ही अहवाल महत्त्वाचे आहेत, आणि त्यांच्यात आपसांतही मोठा फरक आहे. त्यांतली कोणती शिफारस या वाडीला लागू पडली असती आणि तिच्यामुळे काय बदलले असते, हे दाखवता येत असेल तर ते वाक्य अवश्य लिहावे. दाखवता येत नसेल, तर ते ऐकीव वाक्य आहे आणि त्याला निबंधात जागा नाही, मग ते कितीही पटणारे असो.

तुलना करायची असेल तर ती तारखांची करावी, त्यातून काहीतरी हाती लागते. २००५ च्या जुलैअखेरीस महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन येथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याचे पहिल्यांदा तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आले होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातीलच तळिये. मग १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी. चारही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. जूनच्या पावसाने जमीन आधीच भिजलेली असते आणि त्यावर जुलैचा सर्वाधिक पाऊस पडतो, याच्याशी हे जुळते. माझ्या एका विद्यार्थिनीने या तारखा एका ओळीत मांडल्या आणि खाली विचारले की, मग धोक्याच्या वाड्यांतील माणसांना जुलैच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे खालच्या शाळेत राहायला आणता येणार नाही का? तिचा प्रश्न साधा होता, पण तो तिने स्वतः शोधलेल्या गोष्टीतून आलेला होता. चार घटनांवरून नियम सिद्ध होत नाही हे मी तिला समासात लिहिले, आणि त्याच समासात पूर्ण गुणही लिहिले. केरळमध्ये वायनाडची दुर्घटना ३० जुलै २०२४ रोजी झाली, म्हणजे माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी. या योगायोगावर मुले भाळतात, पण तिथला भूगोल वेगळा आहे, आणि तुलना हवीच असेल तर ती तारखेच्या योगायोगावर उभी करू नये.

प्रत्यक्ष लिहायला बसताना वही बंद ठेवावी. हे ऐकायला विचित्र वाटते, पण कात्रणे जोडल्याचा भास घालवण्याचा हाच मार्ग आहे. एक दिवस वाचन थांबवावे, दुसऱ्या दिवशी वही न उघडता घटना आजीला किंवा धाकट्या भावाला तोंडी सांगावी, आणि जे ज्या क्रमाने तोंडून आले ते त्याच क्रमाने कागदावर लिहावे. आकडे आठवत नसतील तिथे रिकामी जागा सोडावी आणि नंतर वही उघडून भरावी. तोंडी सांगताना कोणी ‘काळाने घाला घातला’, ‘निसर्गाचा कोप झाला’, ‘मृत्यूने थैमान घातले’ असे बोलत नाही. लिहिताना मात्र ही तयार वाक्ये मदतीला धावून येतात, आणि प्रत्येक वेळी ती काहीतरी झाकतात. निसर्गाचा कोप म्हटले की यादीचा प्रश्न संपतो, रस्त्याचा प्रश्न संपतो, आणि माणसाने करण्यासारखे काही उरत नाही.

उदाहरणासाठी एका निबंधाची सुरुवात आणि तिची सुधारलेली आवृत्ती देते. मूळ सुरुवात अशी होती: ‘पावसाळा हा सर्वांना हवाहवासा वाटणारा ऋतू आहे. परंतु कधी कधी निसर्ग आपले रौद्र रूप दाखवतो. अशीच एक हृदयद्रावक घटना इर्शाळवाडी येथे घडली, ज्यामुळे संपूर्ण महाराष्ट्र हळहळला.’ त्या विद्यार्थ्याबरोबर बसून, त्याच्याच वहीतून आम्ही ती अशी केली: ‘१९ जुलै २०२३ रोजी रात्री इर्शाळगडाखालच्या वाडीवर दरड कोसळली, तेव्हा बहुतेक माणसे झोपलेली होती. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने मदत करणारे लोक अंधारात आणि पावसात डोंगर चढून गेले. त्या वाडीचे नाव धोक्याच्या ठिकाणांच्या यादीत नव्हते, असे नंतर विधानसभेत सांगण्यात आले. ते का नव्हते, हे मी या निबंधात शोधण्याचा प्रयत्न केला आहे.’ दुसऱ्या उताऱ्यात एकही अलंकार नाही, आणि तरी तो पहिल्यापेक्षा अधिक चटका लावतो असे मला वाटते. प्रत्येक वाक्यात तपासता येईल अशी एक गोष्ट आहे, आणि शेवटच्या वाक्यात लिहिणारा स्वतः उभा आहे.

दुसऱ्याची वाक्ये घेण्याबद्दल शाळांमध्ये फारसे बोलले जात नाही, म्हणून सांगते. अग्रलेखातील एखादा विचार आवडला, तर तो त्या वर्तमानपत्राचे नाव घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहावा, आणि वाक्य जसेच्या तसे घ्यायचे असेल तर अवतरणचिन्हात घ्यावे. वाचलेल्या माणसांचे बोल बातमीत छापलेले असतात. ते घेताना अधिकच जपावे. त्या माणसाने आपले दुःख एका बातमीदाराला सांगितले होते, आपल्या निबंधाच्या शोभेसाठी नव्हे. माझ्या वर्गात मी एक नियम ठेवला होता की मृतांची किंवा त्यांच्या नातेवाइकांची नावे निबंधात येणार नाहीत आणि मुखपृष्ठावर ढिगाऱ्याचे छायाचित्र चिकटवले जाणार नाही. त्या वर्गात डोंगरपट्ट्यातून चालत येणारी मुले होती. ती काय वाचणार आहेत, हे लिहिणाऱ्याच्या मनात असले पाहिजे. छायाचित्रांबाबत आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते: फोनवर फिरणारी चित्रे पुष्कळदा दुसऱ्याच वर्षाची आणि दुसऱ्याच ठिकाणची असतात. नकाशा काढावा. इर्शाळगड, चौक गाव आणि मुंबई–पुणे महामार्ग दाखवणारा हाताने काढलेला छोटा नकाशा वाडीचे एकटेपण आणि तिचे महानगराशी असलेले जवळपण दोन्ही एकाच वेळी दाखवतो.

स्वतःचे मत लिहावे की नाही, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. वैचारिक निबंधात ते यायलाच हवे, पण ते वहीतल्या पहिल्या रकान्यापासून वेगळे ओळखू आले पाहिजे. ‘यादी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वाडीवार तपासली पाहिजे असे मला वाटते’ हे मत आहे, आणि त्याच्या आधीच्या दोन परिच्छेदांत त्याची कारणे आलेली असली तर ते पुरेसे आहे. ‘सर्वांनी झाडे लावली पाहिजेत’ हा शेवट मात्र तिने टाळावा. झाडे लावावीत यात शंका नाही, पण त्या निबंधात ते वाक्य इतर कशातूनही निघालेले नसते. ते सवयीने येते.

शेवटची तपासणी म्हणून तिने निबंध मोठ्याने वाचावा आणि आपण शेजारी वही उघडून बसावे. ती प्रत्येक आकड्याशी थांबेल, आणि आपण त्या आकड्याच्या ओळीवर बोट ठेवून ‘कोणी?’ आणि ‘केव्हा?’ एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर वहीत नसेल तर तो आकडा काढून टाकावा. सगळे वाचून झाले की निबंधाच्या खाली, सहीच्या वर, ‘या निबंधातील माहिती अमुक तारखेपर्यंत मिळालेली आहे’ अशी एक ओळ तिने तारीख घालून लिहावी. शाळेने ती मागितलेली नसली तरी लिहावी.